बाळाचा वरचा आहार : घरी काय काय केलंत?

चिंचगूळ
काल दुपारी जिन्यात तांदूळ-मूगडाळ भाजल्याचा खमंग वास. खालच्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे विचारायचीही गरज नव्हती. खिमट! माझी लेक आता नववीत आहे, नूडल्सपलीकडे तिला जग नाही, पण त्या वासाने मला पार तिच्या बोळक्या तोंडापर्यंत नेलं.

आमचं प्रमाण दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. धुऊन पंचावर सावलीत वाळवायचं, मग मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं, कारण डाळ आधी लाल होते. चमचाभर जिरं, ओव्याचे चार दाणे, आणि मिक्सरवर रवाळ. शिजवताना आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग गॅसवर ठेवायचं, नाहीतर गुठळ्यांशी मारामारी. सासूबाई हिंग घालायच्या, आई म्हणायची एवढ्या जिवाला हिंग कशाला. त्यावरून दोन विहिणींचं फोनवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुमच्याकडे काय शिजलं, कोणी काय सल्ले दिले, बाळाने काय थुंकलं, सगळं येऊ द्या.

रात्रपाळी
खिमट खातं माझ्याकडे होतं. बायकोची सकाळची शिफ्ट, माझी रात्रीची. मी घरी पोचेपर्यंत साहेब उठून बसलेले. पहिला चमचा बाहेर, दुसरा बाहेर. मला वाटलं आवडत नाही. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आवडत नाही असं नाही, जिभेने ढकलायची सवय असते, ती हळूहळू जाते, तुम्ही देत राहा. लाल भोपळा मात्र पहिल्या दिवसापासून गट्टम. आणि माझ्या युनिफॉर्मच्या खांद्यावर कायमचा केशरी बिल्ला.

खडूस काकू
@रात्रपाळी धुऊन ओला असतानाच कडक उन्हात घाला. भोपळा, गाजर, हळद सगळे डाग उन्हाने उडतात. साबण घासत बसू नका.

वेंगुर्ल्याची
आमच्याकडे खिमट नंतर, आधी नाचणीचं सत्त्व. आई बाळंतपणाला आली तीच नाचणी घेऊन. रात्रभर भिजवायची, पंचात बांधून मोड आणायचे, मग पाणी घालून वाटायची आणि तलम फडक्यातून गाळायची. चोथा परत वाटायचा, परत गाळायचा. ते राखाडी-गुलाबी दूध पातेल्यात रात्रभर ठेवायचं, आणि पातेल्याला कोणी धक्का लावायचा नाही. माझ्या नवऱ्याने पाणी प्यायला जाताना ओट्याला हात टेकला तरी आई बाहेरच्या खोलीतून "हळू!" म्हणून ओरडायची. सकाळी वरचं तांबूस पाणी अलगद ओतलं की तळाशी सत्त्व बसलेलं, बोट दाबलं तर ठसा उमटेल इतकं घट्ट. ते ताटात पसरून वाळवायचं. तडे जातात, खपल्या सुटतात, त्या कुटून डबा भरायचा. शिजवताना ढवळत राहायचं, एका क्षणी रंग गडद होतो आणि चकाकी येते. झालं.

पेठेतला
हे सगळं करून कॅल्शियम टाकून देता ना पण? नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि त्यातलं बरंचसं सालात. गाळून चोथा फेकला की गेलं. मोड आणा, वाळवा, जरा भाजा, दळा आणि बारीक चाळणीने चाळा. संपलं. पातेल्यापाशी पहारा नको.

वेंगुर्ल्याची
@पेठेतला चोथा फेकत नाही हो, थालीपिठात जातो आमच्या. आणि सत्त्व सुरुवातीपुरतंच, आठव्या महिन्यापासून मोडाचं पीठच दिलं. पहारा मात्र राहणार, त्याशिवाय आईला चैन नाही.

दोन_जुळी
मी काही केलं नाही. जुळी होती, बाळंतपणाची रजा संपलेली, सासर-माहेर दोन्ही लांब. विकतचा डबा आणला आणि दिला. पाळणाघराच्या ताई दुपारी मऊ भात भरवायच्या, त्यांचे उपकार. असे धागे वाचले की अजून पोटात कालवतं.

चिंचगूळ
@दोन_जुळी अगं कालवायचं काय त्यात! दोघांना वाढवलंस, कशाने ते कोण विचारतंय. मीसुद्धा प्रवासात डबाच न्यायचे.

रात्रपाळी
@दोन_जुळी आमच्याकडेही एक डबा असायचा, माझी डुलकी लागली तर. ताईंना माझाही नमस्कार सांगा.

आडवळण
डब्यावरून आठवलं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या खाण्याच्या जाहिराती टीव्हीवर का दिसत नाहीत माहितेय? १९९२ चा कायदा आहे, आईच्या दुधाला पर्याय, बाटल्या आणि शिशुआहार यांची जाहिरातच करता येत नाही. त्याआधीचे गुटगुटीत बाळांचे पत्र्याचे डबे आमच्या आजीकडे होते. मोहरी, मेथ्या, सुटी नाणी. त्यातला एक माझ्याकडे आहे, अजून गंज नाही.

खडूस काकू
माझ्याकडे दोन आहेत. रव्याला उत्तम.

मिशिगनवासी
इथे तांदूळ भाजला की स्मोक अलार्म बोंबलतो, आणि बाळ झोपलेलं असेल तर मग संपलंच. शेवटी बाल्कनीत छोटी इलेक्ट्रिक शेगडी मांडून भाजायला लागले. शेजारचे आजोबा रोज विचारायचे काय शिजतंय, एकदा वाटीभर दिलं तर मिरपूड घालून खाल्लं त्यांनी.
इथले डॉक्टर नुसत्या तांदळावर राहू नका म्हणतात, त्यात थोडं आर्सेनिक (विषारी द्रव्य) असतं म्हणून. ओट्स, बार्ली आलटून पालटून. आणि शेंगदाणा लवकर द्या म्हणतात! शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरच्या २०१५ च्या लीप अभ्यासानंतर सल्ला बदलला, उशिरा दिल्याने ॲलर्जी टळत नाही, उलट वाढते. दाण्याचं कूट गुळगुळीत वाटून पेजेत कालवलं. व्हिडिओ कॉलवर सासूबाई दोन मिनिटं गप्प होत्या.

पांढराकोट
@मिशिगनवासी बरोबर, फक्त बाळाला आधीपासून खूप इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो.

खडूस काकू
आमच्या वेळी चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी आणि जन्मल्या जन्मल्या मध. तिन्ही पोरं धडधाकट.

पांढराकोट
काकू, धडधाकट आहेत याचा आनंदच आहे. पण मध वर्षाच्या आत नको. त्यात बोट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणारा आजार) जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात वाढतात. घरी उकळूनही मरत नाहीत. आणि वरणाच्या पाण्याने पोट भरतं, हाती काही लागत नाही. पाण्याऐवजी डाळच घोटून द्या. सहा महिन्यांनंतर लोह नुसत्या दुधातून पुरत नाही, म्हणून डाळ, अंडं, खात असाल तर मटण-चिकन खिमा करून, आणि डाळीवर लिंबाचे दोन थेंब. मीठ-साखर वर्षभर लांब.

खडूस काकू
मीठ नाही म्हणजे मेतकूट-भातही नाही?

पांढराकोट
घरचं मेतकूट असेल आणि त्यात मीठ नसेल तर चिमूटभर चालेल की. विकतच्या पाकिटावर वाचून बघा.

खडूस काकू
घरचंच. विकतचं आमच्याकडे येत नाही. बरं.

मांडवीकाठ
गोव्यात नाचणीची तिझान. पीठ कालवून शिजवायचं, नारळाचा रस. मोठ्यांना गूळ घालून, बाळाची वेगळी काढायची. माझी आजी बाळाला भरवताना एक चमचा त्याला, दोन स्वतःला.

वऱ्हाडी ठेचा
उष्टावणाचं कोणीच नाही लिहिलं? भाच्याचं उष्टावण, मी मामा. नवा कुर्ता, चांदीची वाटी, खीर, दीडशे माणसं, फोटोवाला. मुहूर्ताला पोट्टं गाढ झोपलेलं. आत्या म्हणे उठवू नका, ताई म्हणे मुहूर्त जाईल. ओठाला खीर टेकवली तर झोपेतच चाटली अन् परत घोरायला लागला. बाकीची वाटी मीच संपवली, फोटोत तेच आलं आहे.

दोन_जुळी
😂 आमच्या मामाने एकीची खीर दुसरीला भरवली. कळलंच नाही कोणाला. फोटोत एकच बाळ दोनदा.

पेठेतला
एक युक्ती, बालविकासवाल्यांकडून शिकलेली. पेज घट्ट झाली तर पाणी ओतू नका, पोट भरतं आणि ताकद कमी. थोडी कोमट असताना मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ घाला, ढवळा, परत एक उकळी. मोड आणताना तयार झालेल्या विकराने (एन्झाइमने) पिष्ट (स्टार्च) तुटतं आणि पेज आपोआप सैल होते. बाळ तेवढ्याच चमच्यांत जास्त खातं.

वेंगुर्ल्याची
हे आईला सांगते. म्हणेल मला माहीतच होतं.

शिफॉन
नवीन आहे इथे, पाच महिन्यांचं बाळ आहे, पुढच्या महिन्यात सुरू करायचं. खिमटाला तांदूळ कोणता? आणि एकदम किती करून ठेवू?

चिंचगूळ
जुना आंबेमोहर मिळाला तर बघ, नवा फार चिकट होतो. साधा जुना कोलमही चालतो.

खडूस काकू
पावसाळ्यात आठवड्यापुरतंच कर. पोरकिडे होतात. कोरड्या बरणीत, फ्रीजमध्ये. आणि चमचा ओला नको.