यवन म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर ‘यवन’ दात्यांची नावे कोरलेली आहेत. मराठीत लिहिताना तिथे सरळ ‘ग्रीक’ लिहावे का?

उत्तर : शब्द ग्रीकांचाच आहे. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक ही त्याची मुळे. त्यांच्या नावाचे जुने रूप ‘इआवोनेस’. त्यातला ‘व’ पुढे त्यांच्याच बोलीतून गळला, आपल्याकडे मात्र टिकला. प्राचीन इराणीत ‘यौन’, संस्कृतात ‘यवन’, प्राकृतात ‘योन’. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात सीरियाचा अंतियोक ‘योनराजा’ आहे. फारसी-अरबीत तेच ‘यूनान’ झाले. युनानी वैद्यक हा त्याच घराण्यातला शब्द. खुद्द ग्रीक मात्र स्वतःला ‘एलिनेस’ म्हणतात आणि देशाला ‘एलाडा’.

तरीही कार्ल्याला ‘ग्रीक’ लिहू नये. ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’ (धेनुकाकट गावच्या यवन सिंहध्वजाचे दान, हा खांब) या लेखातले नाव सिंहध्वज, म्हणजे पूर्ण भारतीय. हा इथे रुळलेला ग्रीक की पश्चिमेकडून आलेला दुसराच कोणी, हे नावावरून ठरत नाही. अनुवादात ‘यवन’ तसाच ठेवावा आणि चर्चा तळटीपेत करावी. नाशिकच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या इंद्राग्निदत्तालाही हाच नियम; तो लेखात ‘योणक’ आणि उत्तरेकडचा आहे.

पुरवणी : काळ पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका. नाशिकच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णी ‘शक-यवन-पल्हवांचा’ (पल्हव म्हणजे पार्थियन) नाश करणारा आहे. तिथे यवन म्हणजे मुसलमान घेणे अशक्य, कारण इस्लामचा उदय त्यानंतर काही शतकांनी झाला. उलट शिवकालीन राज्यव्यवहारकोशातली (राजकारभारातल्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या कोशातली) ‘यवनवचने’ म्हणजे दरबारी फारसी. तिथे ग्रीक शोधू नयेत.

‘यवनिका’ म्हणजे पडदा, म्हणून आपले नाटक ग्रीकांकडून आले, हा तर्कही टिकत नाही. ‘जवनिका’ असेही रूप आहे आणि अभिजात ग्रीक रंगभूमीला दर्शनी पडदाच नव्हता. खरी उसनवारी ज्योतिषात आहे : होरा, केंद्र, जामित्र (कुंडलीतले सातवे स्थान). ‘दाम’सुद्धा द्राख्मा या ग्रीक नाण्यावरून, ‘द्रम्म’च्या वाटेने आलेला.

जुन्नरचा एक लेख तर जरूर वाचावा : ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’. इरिल यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली. त्यातला ‘बे’ म्हणजे आपल्या पाढ्यातलाच ‘बे एके बे’चा बे.