मदत हवी आहे: ३.६ टनाची डाय, टू-लेग चेन स्लिंग आणि फाकलेले पाय

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी शिफ्ट बघतो. लिफ्टिंगमधल्या जाणकारांची मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे एक डाय (प्रेसमध्ये बसवायचा लोखंडी साचा) आहे, वजन ३.६ टन. वजनकाट्यावर करून घेतलंय, त्यामुळे आकडा पक्का. क्रेन ५ टनी, तिच्याबद्दल शंका नाही. प्रश्न चेनचा आहे. १० एमएम जाडीची कडी, ग्रेड ८० (चेनच्या ताकदीचा वर्ग), दोन पायांची स्लिंग, म्हणजे वरच्या एका रिंगला लटकणाऱ्या दोन चेन. टॅगवर दोन आकडे आहेत, पाय उभ्या रेषेपासून किती फाकलाय त्यानुसार: ४५ अंशांपर्यंत ४.२५ टन आणि ४५ ते ६० अंशांत ३.१५ टन. डायवरच्या दोन आय बोल्टमधलं (चेन अडकवायला डोळा असलेल्या बोल्टमधलं) अंतर १.६ मीटर. शेडला उंची कमी, हूक वर टेकतो, म्हणून चेनचा प्रत्येक पाय आखडून एक मीटरवर घेतात. मग पाय इतके फाकतात की बघवत नाही. शेठ ४.२५ वर बोट ठेवून म्हणतात, डाय ३.६ चीच आहे की. क्रेन चालवणारे काका म्हणतात, एवढी वर्षं हीच चेन, हीच डाय, कधी काही झालं नाही.

दुसरी एक चेन आहे, तिला टॅगच नाही. तिची एक कडी कुणीतरी वेल्डिंग करून जोडलीय. वरून रंग मारल्यामुळे दिसत नाही, हात फिरवला की वेल्ड लागतो. पहिली चेन दुसऱ्या मशीनवर गुंतली की हीच काढतात. खंडेनवमीला सगळ्या चेन पुसून, हळदकुंकू लावून पुजल्या जातात, पण व्हर्नियर लावून कडी मोजताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

डाय बसवताना सेटर पोरगा वाकून पिन जुळवतो, त्याचे हात आणि डोकं डायच्या अगदी जवळ असतात. म्हणून विचारतोय. अशी उचल धोक्याची आहे हे माझं म्हणणं बरोबर आहे का, आणि शेठना कागदावर पटेल असा हिशोब कसा मांडू? टॅग नसलेल्या चेनवर नवीन टॅग करून लावला तर चालतो का?

टूलरूम_चाकण:

तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. अंश मोजत बसू नका, टेप घ्या. एका पायावरचा ताण = अर्धं वजन × पायाची लांबी ÷ उभी उंची. उभी उंची म्हणजे वरच्या रिंगपासून दोन आय बोल्टना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर.

तुमच्याकडे पाय १ मीटर आणि आडवं अर्धं अंतर ०.८ मीटर, म्हणजे उभी उंची फक्त ०.६ मीटर. १.८ × १ ÷ ०.६ = ३ टन. डाय ३.६ टनाची, पण एकेक पाय ३ टन ओढतोय! उभ्यापासूनचा कोन साधारण ५३ अंश येतो, म्हणजे तुम्ही टॅगच्या दुसऱ्या रकान्यात आहात. तिथे दोन्ही पायांची मिळून मर्यादा ३.१५ टन आणि तुम्ही उचलताय ३.६. शेठ दाखवतात तो ४.२५ चा आकडा या लिफ्टला लागूच नाही.

आता दीड मीटरचा पाय धरा. उभी उंची १.२७ मीटर होते, पायावरचा ताण २.१३ टनावर येतो आणि कोन ४५ च्या खूप आत. चेन तीच, डाय तीच, फक्त ६७ सेंटीमीटर जास्त उंची लागते. हे दोन त्रिकोण शेजारी शेजारी काढून शेठसमोर ठेवा. ६० अंशांच्या पुढे तर अशी स्लिंग वापरायचीच नसते.

आणि ‘काही झालं नाही’ याचं कारण काकांना सांगा. चेन स्लिंगला चारपट सुरक्षेचा हिशोब धरलेला असतो. ती राखीव ताकद झटक्यांसाठी, झिजेसाठी आहे. रोज तिच्यातूनच खर्च केला, तर हूक एकदा घसरून माल दोन इंच खाली बसला तेव्हा हाताशी काय उरणार?

जुना_खलाशी:

वेल्डिंगवाली चेन आजच्या आज बाद करा. नुसती कोपऱ्यात टाकू नका, गॅस कटरने तुकडे करा, नाहीतर रात्रपाळीला कुणीतरी परत काढेल. ग्रेड ८० ची ताकद हीट ट्रीटमेंटमधून येते. वेल्डचा ताव लागला की त्या जागी ती गेली. जुन्या काळी लोखंडी साखळ्या भट्टीत तापवून मऊ करायची पद्धत होती, ती या चेनला कधीही करू नका. ४०० अंश सेल्सिअसच्या वर तर वापरायचीही नाही. नट-बोल्टने जोडणं, गाठ मारणं, चेन कप्पीची जुनी चेन स्लिंग म्हणून वापरणं, रविवार पेठेतून साधी साखळी आणून लावणं, सगळं बंद.

टॅग स्वतः करून लावायचा नाही. ग्रेड कोणती, टेस्ट झालीय का, हेच माहीत नसेल तर टॅगवर लिहिणार काय?

चांगल्या चेनचीही कडी मोजा, कड्या एकमेकींवर घासतात तिथे. एकमेकांना काटकोनात दोन मापं घेऊन सरासरी काढा. १० एमएमची सरासरी ९ च्या खाली आली की चेन बाद. हूकचं तोंड मूळ मापापेक्षा १० टक्क्यांनी उघडलं असेल, लॅच (हूकच्या तोंडावरची पट्टी) तुटलेली असेल, कडी वाकलेली किंवा चिरलेली असेल, तरी बाद. ग्रीसमध्ये चीर लपते, आधी पुसून घ्या.

नियम_पाहणारी:

कागदाचा मुद्दा मी सांगते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ पासून अट चालत आलीय: चेन, हूक, शॅकल (पिनवाली यू आकाराची कडी) हे सगळं सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा नीट तपासून घ्यायचं, नोंद ठेवायची, आणि प्रत्येकावर ओळखखूण आणि सुरक्षित भार दिसला पाहिजे. सक्षम व्यक्ती म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेली. भेटीच्या दिवशी चेनसोबत शॅकल आणि आय बोल्टही टेबलावर मांडून ठेवा, ते हमखास राहून जातात.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार. हिशोब कागदावर काढून शेठना दाखवला, ते गप्प बसून दोनदा वाचत होते. वेल्डवाली चेन माझ्यासमोर कापली. पण शेडची उंची वाढणार नाही, दीड मीटरचा पाय बसतच नाही. मग काय करावं?

टूलरूम_चाकण:

मग लिफ्टिंग बीम करून घ्या. मधोमध वर एक डोळा, खाली १.६ मीटरवर दोन छोटे उभे पाय. कोनच उरत नाही, प्रत्येक पायावर १.८ टन, आणि उंचीही कमी लागते. बीमचं वजन डायच्या वजनात मिळवून ५ टनाच्या आत बसतंय का बघा. शॉपमधलं चॅनेल वेल्ड करून बनवू नका. डिझाइन, टेस्ट आणि बीमवर ठोकून लिहिलेला सुरक्षित भार, तिन्ही हवं.

तोवर ही डाय या पद्धतीने उचलू नका, कारण आय बोल्टचं दुखणं चेनहून मोठं आहे. कॉलर (डोळ्याखालची रुंद चकती) नसलेला आय बोल्ट फक्त सरळ वर ओढायचा. कॉलरवालाही तिरपा ओढला की भार बराच कमी धरावा लागतो, आणि ४५ अंशांपलीकडे तो वापरायचाच नाही. तुमचे ५३ वर चाललेत. नवीन बीम येईपर्यंत जास्त क्षमतेची हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) भाड्याने बोलावून मोकळ्या जागेत लांब चेनने डाय फिरवता येते का, आणि तिथून प्रेसपर्यंत ट्रॉलीने नेता येते का, ते जागेवर पाहून सांगा.