परसबाग ग्रुप : ॲस्परॅगसची रोपं हलवायची, अंतर किती ठेवायचं?

वर्षा, बी-१०२: नमस्कार. बियांपासून केलेली ॲस्परॅगसची रोपं छोट्या वाफ्यात फार दाटली आहेत. वीसेक तरी असतील, दोघांमध्ये वीतभरही जागा नाही. संक्रांतीच्या थंडीने वरचा पाला पिवळा पडलाय. मोठ्या वाफ्यात हलवायची तर अंतर किती ठेवू? वाफा १२ फूट लांब, ४ फूट रुंद आहे.

नितीन, ए-२०३: ताई, काडीएवढं तर खोड आहे. एकेक फुटावर तीन ओळी टाका, सगळी बसतील.

आप्पा, ए-४०१: नितीन, असं नको करू बेटा. वर काडी दिसते, पण खाली जाड मांसल मुळं चारी बाजूंनी लांबवर जातात आणि गड्डा दरवर्षी रुंद होतो. दोन रोपांत दीड फूट हवं, दोन ओळींत चार ते पाच फूट. आपल्याकडे केळीला पाच बाय पाच देतात आणि केळी दोन-तीन वर्षांत काढून टाकतात. हे पीक एकदा बसलं की वर्षानुवर्षं तिथेच राहतं, मग याला जागा देताना हात आखडता का घ्यायचा?

वर्षा, बी-१०२: म्हणजे या वाफ्यात एकच ओळ, आठ रोपं? बाकीची टाकून द्यायची का?

आप्पा, ए-४०१: टाकायची कशाला? कुंपणाच्या कडेने दुसरी ओळ काढू. पण जी लावू ती मोकळी लावू. दाट लावलं तर कोंब बारीक येतात, पाण्यासाठी मुळं एकमेकांशी भांडतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे फार महागात पडतं.

जिजी, बी-००३: आप्पा, हाई तीच शतावरी शे का, सातपुडामा भेटस ती?

आप्पा, ए-४०१: जिजी, कुळ एकच, पण झाड वेगळं. त्या शतावरीची मुळं औषधाला घेतात, याचे कोवळे कोंब भाजीला.

सचिव, ए-१०१: एक विनंती. पार्किंगच्या बाजूला या वर्षी पेव्हर ब्लॉक बसणार आहेत. पाण्याची पाइपलाइनही कुंपणाजवळून जाते. दहा वर्षांचं झाड म्हणत असाल तर जागा आधी मला दाखवा, नंतर उकरायला लागू नये.

आप्पा, ए-४०१: बरोबर बोललात. पाइपलाइन सोडून उत्तरेची कडा धरू. पाला माणसाच्या छातीपर्यंत वाढतो, दक्षिणेला लावला तर मेथी-पालकावर सावली पडेल.

वर्षा, बी-१०२: आणि हलवायची कशी? मुळं तुटायची भीती वाटते.

आप्पा, ए-४०१: आत्ताच वेळ चांगली आहे, झाड झोपल्यासारखं आहे. नवे कोंब निघायच्या आत उरकू. पिवळा पाला जमिनीपासून दोन बोटं ठेवून काप. रोपाच्या शेजारी कुदळ मारू नको, टिकाव लांबून घालून मातीसकट उचल. मुळं उन्हात वाळू द्यायची नाहीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. चर अर्धा फूट खोल पुरे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि या झाडाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, गड्डा कुजतो. म्हणून वाफा उंचच कर, मातीत वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळ. कच्चं शेण नको, वाळवी लागते. चरात मधोमध मातीचा छोटा उंचवटा करायचा, डोळे वर ठेवून गड्डा त्यावर बसवायचा, मुळं दोन्ही बाजूंना पसरवायची. वर आधी दोन इंचच माती टाक. कोंब वाढतील तशी थोडी थोडी भरत जा, एकदम बुजवू नको.

वहिनी, ए-३०२: मग भाजी कधी मिळेल?

आप्पा, ए-४०१: या वर्षी एकही कोंब तोडायचा नाही. पुढच्या वर्षी थोडेच, पंधरा दिवस. तिसऱ्या वर्षापासून मनासारखे. पाला वाढतो तेव्हाच मुळांत अन्न साठतं, ते आपण आधीच खाल्लं तर पुढे झाड काय देणार? आपल्याकडे थंडी कमी, झाड पूर्ण झोपत नाही. तैवानमध्ये प्रत्येक झाडावर तीन-चार दांडे तसेच वाढू देतात आणि नवे कोंब तेवढे काढतात. आपल्या हवेला मला तीच पद्धत योग्य वाटते.

नितीन, ए-२०३: आप्पा, पटलं. ठिबकची नळी मी जोडतो. उन्हाळ्यात ग्रीन नेटपण लावू.

आप्पा, ए-४०१: जोड. आणि केळीची वाळलेली पानं भरपूर आणून मुळाशी अंथर, ओल टिकते. पाणी थोडं थोडं, पण खंड नको.

वहिनी, ए-३०२: मागे कुठल्यातरी रोपाला लाल फळं आली होती. मुलांनी तोडली तर?

वर्षा, बी-१०२: वहिनी, ती मादी झाडं. फळं खायची नसतात, पोट बिघडतं. मी दिसली की काढून टाकते, मुलांनाही सांगून ठेवते. काढायला हवीतच, नाहीतर बी पडून दीड फुटाच्या मोकळ्या जागेत पुन्हा गर्दी होते.

सचिव, ए-१०१: रविवारी सकाळी सात वाजता या, जागा आखून देतो. दोरी आणि चुना माझ्याकडे आहे.

नितीन, ए-२०३: वाळूच्या दोन गोण्या मी आणतो. शेणखत कोण आणतंय?