प्रशिक्षकाच्या खुर्चीत आता टीव्हीवाले

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा कारभार बघणारा प्रमुख) म्हणजे आपल्या कॉलेजातला शारीरिक शिक्षण संचालकच, फक्त पगार जाडजूड. पूर्वी ते बऱ्यापैकी खरं होतं. नोटर डेम विद्यापीठाचंच बघा. मूस क्राउस तिथलाच माजी खेळाडू, पुढे बास्केटबॉल प्रशिक्षक, आणि मग १९४९पासून तीन दशकं हेच पद. २००८ साली तिथे जॅक स्वॉरब्रिक आले, ते पेशाने वकील. आणि २०२४मध्ये पीट बेव्हाक्वा आले ते एनबीसी या अमेरिकी टीव्ही कंपनीच्या क्रीडाविभागाच्या, एनबीसी स्पोर्ट्सच्या, प्रमुखपदावरून. नोटर डेमचे घरचे (अमेरिकन) फुटबॉल सामने १९९१पासून कोण दाखवतं? एनबीसीच! (समोरच्या बाजूचा माणूसच आपल्याकडे आणला, हुशारी म्हणायची.)

मला यात नवल वाटत नाही. जून २०२५मध्ये कॉलेज खेळाडूंनी कमाईतल्या वाट्यासाठी लढलेल्या 'हाऊस' खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. त्यानुसार तडजोडीत सामील झालेलं विद्यापीठ थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतं; पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) ही मर्यादा विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. हे पैसे उभे करायचे आणि कुठल्या खेळाला किती द्यायचे ते ठरवायचं, हे काम शिट्टी वाजवणाऱ्याचं राहिलेलं नाही.

माझी काळजी वेगळी आहे. मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांना तिकीटबारी नाही, पण अमेरिकेचे कितीतरी ऑलिंपिकपटू याच कॉलेज संघांतून येतात. त्यांच्या बाजूने बजेटच्या बैठकीत कोण भांडणार?