मदत हवी आहे : चिकटलेले १९७१ चे फोटो कसे सोडवावेत?

नमस्कार मंडळी. गुहागरच्या घरी आगोटीची आवराआवर करताना माळ्यावर बाबांची लष्करातली ट्रंक उघडली. आत १९७१ चे कृष्णधवल फोटो. बाबा तेव्हा कलकत्त्याला होते. पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीतून जीव वाचवून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. त्यातली कितीतरी सॉल्ट लेकच्या छावणीत सिमेंटच्या मोठाल्या पाइपांत राहत होती. एका फोटोत अशाच पाइपाच्या तोंडाशी एक बाई बसलीये, मांडीवर मूल, शेजारी दोरीवर एकच साडी वाळतेय. माझी नजर हटेना.

बाकीचे पंधराएक फोटो दमट हवेने एकमेकांना घट्ट चिकटलेत, कडांना बुरशी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवले तर सुटतात म्हणे. पण फोटोंच्या मागे बाबांनी शाईच्या पेनाने माणसांची नावं, गावं लिहिलीत. ती पाण्यात उतरली तर? बाबा आता नाहीत, विचारणार कोणाला?

चिपळूण-रत्नागिरीकडे किंवा मुंबईत हे काम जाणणारं कोणी आहे का? पाऊस तोंडावर आलाय, तोवर हे कशात ठेवू? पुढे ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाला प्रती द्यायचा विचार आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा. त्या माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात, म्हणून फोटो इथे टाकत नाही.