रिचर्ड बर्टन नावाचे दोघे

ए-१०४ (काकू): काका, आजच्या दिनविशेषात आपण प्रवासी लेखक रिचर्ड बर्टन यांची पुण्यतिथी दिली आहे. २० ऑक्टोबर १८९० ही तारीख बरोबर आहे, परंतु सोबतचे छायाचित्र १९२५ साली जन्मलेल्या त्याच नावाच्या नटाचे आहे. सोसायटीतील मुले दिनविशेष शाळेच्या फळ्यावर उतरवतात, म्हणून लगेच कळवते.

सी-३०२ (काका): वहिनी, क्षमस्व. दोघे एकच असावेत असा माझा समज होता. आपण थोडे सविस्तर लिहाल का?

ए-१०४ (काकू): अवश्य. लेखक बर्टन १८४२ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात अधिकारी म्हणून आला, बडोद्यात आणि सिंधमध्ये राहिला, आणि हिंदुस्तानी व गुजरातीबरोबर मराठीचीही लष्करी परीक्षा उत्तीर्ण झाला. १८४७ मध्ये आजारपणाच्या रजेवर निलगिरीकडे जाताना तो मुंबईहून पतमारीने, म्हणजे शिडाच्या गलबताने, गोव्यात उतरला. आपण चोर्ला घाटातून ज्या पणजीला जातो, ती त्याने तेव्हा पाहिली आणि १८५१ साली त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात गोमंतकीयांविषयी जे तुच्छतेने लिहिले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. पुढे वेष पालटून मक्केची यात्रा, टांगानिका सरोवराचा शोध आणि अरबी सुरस कथांचे १६ खंडांतील भाषांतर, एवढे काम त्याच्या हातून झाले.

नटाची गोष्ट मात्र मला अधिक जवळची वाटते. त्याचे मूळ नाव रिचर्ड जेंकिन्स. वेल्समधील एका खाणकामगाराच्या १३ मुलांपैकी तो १२वा. घरात वेल्श भाषा, इंग्रजी नंतर शिकलेली. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शाळेतील शिक्षक फिलिप बर्टन यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. दत्तक घेण्यासाठी दोघांच्या वयात २१ वर्षांचे अंतर आवश्यक होते, ते २० दिवसांनी कमी पडले. म्हणून गुरुजी त्याचे कायदेशीर पालक झाले आणि मुलाने त्यांचे आडनाव लावले. ते त्याला डोंगरावर नेत, शेक्सपिअरची भाषणे म्हणायला लावत आणि स्वतः हळूहळू दूर सरकत जात. ओरडायचे नाही, तरीही प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, अशी अट असे. लंडनच्या रंगभूमीवर आणि पुढे चित्रपटांत जो आवाज लोकांनी ऐकला, तो असा घडला.

बी-२०१: काकू, त्यांना ऑस्कर किती वेळा मिळाले?

ए-१०४ (काकू): बाळा, नामांकन ७ वेळा झाले, पुरस्कार एकदाही मिळाला नाही. रंगभूमीवरील भूमिकेसाठी १९६१ चा टोनी पुरस्कार मात्र त्याला मिळाला. शिवाय तो स्वतः नेमाने रोजनिशी लिहीत असे. त्याच्या मृत्यूनंतर, २०१२ साली, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे एकाला केवळ नट आणि दुसऱ्याला लेखक म्हणतानाही जरा थांबावे लागते.

सी-३०२ (काका): छायाचित्र बदलले आहे, कृपया सर्वांनी नवीन नोंद पुढे पाठवावी. नटाची नोंद १० नोव्हेंबरला, त्याच्या जन्मदिनी, स्वतंत्रपणे देईन आणि त्यात गुरुजींचे नाव आधी लिहीन.