शब्दचर्चा : 'अध्ययन अक्षम' की 'गतिमंद'?

मोगरा : शाळेच्या पालकपत्रकाचं मराठी करायचं आहे. मूळ मजकुरात 'लर्निंग डिसॅबिलिटी', 'स्लो लर्नर' आणि 'स्पेशल चाइल्ड' असे तीन शब्द आहेत. जुन्या मसुद्यात तिन्हींना 'गतिमंद' लावलंय. चालेल?

कानामात्रा : नाही. तीन निराळी मुलं एका शब्दात कोंबली जातात. बुद्ध्यंक (म्हणजे आयक्यू; बुद्धि + अंक, 'बुद्ध्यांक' रूढ असला तरी चूकच) साधारण ७० च्या खाली आणि स्वतःचं आवरणं, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं यांतही मूल मागे, तर ती बौद्धिक अक्षमता. पूर्वी तिला 'मतिमंदत्व' म्हणत. ७० ते ८४ हा सीमारेषेवरचा पट्टा. शाळेत ज्याला स्लो लर्नर म्हणतात तो हा. 'गतिमंद' लावायचाच तर इथे. अध्ययन अक्षमतेत बुद्धी सरासरी किंवा त्याहून वर असते, पण वाचन, लेखन, गणित यांतलं एखादं वयाच्या मानाने फार मागे पडतं. तेही डोळे-कान धड असताना आणि नियमित शाळा मिळूनही.
'स्पेशल चाइल्ड'चं 'विशेष मूल' तिघांनाही लावतात, म्हणून त्यातून नेमकं काहीच कळत नाही.

पाणिनीचा शेजारी : 'अध्ययन अक्षम' हा समासच फसवा आहे. विग्रह कुणीही 'अध्ययनास अक्षम' असाच करणार, म्हणजे शिकूच न शकणारा. कायद्यातला पूर्ण शब्द 'विशिष्ट अध्ययन अक्षमता'. सगळा अर्थ त्या 'विशिष्ट'वर तोललेला आहे, आणि लांबलचक वाटतो म्हणून पहिला तोच गळतो. 'अध्ययन भिन्नता' का नको?

कानामात्रा : बोलताना जरूर वापरा, अर्जावर नको. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आहे. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. २०१६ च्या यादीत 'भिन्नता' नाही आणि 'गतिमंद'ही नाही. म्हणजे बुद्ध्यंक ७८ असलेल्या मुलाला निव्वळ त्या आकड्यावर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही, मदतीची गरज कितीही असो. हा त्या यादीतला अन्याय आहे, पण शब्द बदलून तो भरून निघत नाही. उलट वर्गशिक्षकांनी शिफारसपत्रात सवयीने 'गतिमंद' लिहिलं की तपासणी भलत्याच दिशेने सुरू होते.

मोगरा : आणि डिस्लेक्सिया? मसुद्यात 'शब्दांधत्व' आहे.

पाणिनीचा शेजारी : तो खोडाच. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने घडवला. त्या काळी 'वर्ड ब्लाइंडनेस' असंही म्हणत, 'शब्दांधत्व' हा त्याचाच मराठी अवतार. 'अंध' वाचलं की पालक आधी चष्म्याच्या दुकानात जातात. डोळे तपासावेतच, पण मूळ अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते. मराठीत 'डिस्लेक्सिया'च ठेवा, पुढे 'वाचनातील अक्षमता' लिहा.

चौथी तुकडी : पत्रकात खुणा देणार असाल तर इंग्रजी 'बी-डी'ची उलटापालट उतरवून काढू नका. मराठी वहीत वेगळं दिसतं. 'मी सकाळी शाळेत जातो'चं 'मी सकळी शळेत जतो' होतं; काना गळतो. घ-ध, भ-म, थ-य, ष-प यांची अदलाबदल. 'किरण'मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून 'करिण'. 'र' तर बहुरूपीच : सूर्य, ग्रह, राष्ट्र, वाऱ्या. पहिली वेलांटी की दुसरी, एवढ्याच चुका असतील तर घाबरू नये. त्या निम्म्या महाराष्ट्राच्या होतात. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसला आणि तोंडी उत्तर मात्र चोख आलं, तर थांबून बघा. तिथे शेरा सहसा 'निष्काळजी' असा असतो.

गणितातही आपला खास खड्डा आहे. 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी येतात, म्हणून २४. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतात, म्हणून ६९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'बासष्ट'साठी 'साठ दोन' अशा धर्तीचं संख्यावाचन आणलं, ते ह्याच कारणासाठी. त्यावर विनोद मात्र भरपूर झाले. डिसकॅल्क्युलिया (गणितातील अक्षमता) म्हणण्याआधी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवा. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पाहून मुलाने ४२ लिहिलं, ४२ आणि २४ मधली मोठी संख्या ओळखली, पण श्रुतलेखनात चुकलं, तर घोळ संख्यानामांचा असू शकतो. काड्या समोर असूनही प्रमाणाचा अंदाज येत नसेल तर तपासणी हवी.

मोगरा : शेवटच्या परिच्छेदात 'मानसिक समस्या असलेली मुले' आहे.

निंबोणी : 'मानसिक' हा शब्द पालक 'वेड' असा वाचतात, आणि मग पत्रक घडी घालून दप्तरात राहतं. शिवाय अध्ययन अक्षमता हा मनोविकार नाही. तिच्यापायी चिंता किंवा नैराश्य जडू शकतं, ती वेगळी गोष्ट. 'चिंता' आणि 'चिंताविकार' यांतही अंतर ठेवा. पत्रकात नाव नको, दिसतं ते लिहा : 'वाचनाच्या तासाआधी रोज पोट दुखते, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, असे तीन आठवडे चालू आहे.' वारंवारता, वेळ, कालावधी ह्या तीन गोष्टी असल्या की पुढच्या माणसाला काम करता येतं.

कुणाकडे जायचं तेही स्पष्ट लिहा. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक आणि इतर चाचण्या घेतात. विशेष शिक्षक वाचन-लेखन शिकवतात. समुपदेशक मुलाशी, घरच्यांशी बोलतात. मसुद्यात चौघांना मिळून 'सायकॉलॉजिस्ट' म्हटलंय. चिंताविकारावर औषध असतं, डिस्लेक्सियावर नसतं. ही ओळ ठळक छापा.

चौथी तुकडी : 'ढ'बद्दल कुणीच बोललं नाही! ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत ढ-चा आकार जवळपास तसाच राहिला, म्हणून पुढे न सरकणारा मुलगा 'ढ', असं सांगतात.

पाणिनीचा शेजारी : व्युत्पत्ती म्हणून गोड आहे, ठाम पुरावा मागू नका. पत्रकात अर्थातच नको.

मोगरा : मग असं करते : 'काही मुलांची बुद्धी सर्वसाधारण असूनही त्यांना वाचन, लेखन किंवा गणित यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता असते.' पुढे सवलती. 'रायटर'ला काय लिहू?

कानामात्रा : 'लेखनिक'. 'लेखक' लिहू नका, उत्तर मुलाचंच असतं, लेखनिक फक्त उतरवतो. 'जादा वेळ' एवढंच लिहून सोडू नका. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं होती, पण त्या ४० टक्के आणि त्याहून अधिक अक्षमतेसाठी होत्या. दहावी-बारावीला मंडळाचा त्या वर्षीचा नियम पाहून आकडा टाका. आणि प्रमाणपत्रासाठीची तपासणी मूल आठ वर्षांचं झाल्यावर, साधारण तिसरीत होते. पहिलीच्या पालकांना ते पान पाठवू नका, नाहीतर सोमवारी फाटकाशी रांग लागेल.